मांसासाठी दहापैकी नऊ, नूडल्ससाठी तीन: स्लो कुकरचे चौदा महिने

बाबांना कवळी बसली तेव्हापासून बीफ त्यांच्या ताटातून गेलंच होतं. आवड तशीच होती, पण चावणं जमत नव्हतं. एकेक घास कितीतरी वेळ तोंडात घोळवायचे आणि मग "पोट भरलं" म्हणून ताट बाजूला सारायचे. मला ते बघवायचं नाही. ओव्हनमध्ये झाकून केलेलं बीफ त्यांना खाता यायचं, पण त्यासाठी तीन-चार तास घरात कोणीतरी थांबायला हवं, आणि माझी ड्यूटी सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा. शेवटी चौदा महिन्यांपूर्वी स्लो कुकर घेतला, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास आपोआप शिजवणारं विजेचं भांडं.

६ लिटरचा, लांबट गोल. आत चिनी मातीचं जड भांडं आहे, ते उचलून बाहेर काढता येतं. वर काचेचं झाकण, समोर टायमर आणि तीन बटणं: लो, हाय, वॉर्म. पाठीमागच्या पट्टीवर २४० वॅट लिहिलंय, म्हणजे आठ तास सलग चालला तरी दोन युनिटपेक्षा कमी वीज. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, आणि शिवाय इथे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही कुकरला लागू पडेल.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वेळ आणि तापमान लिहून ठेवायची सवय हाताला लागलेली आहे, ती स्वयंपाकघरातही सुटत नाही. या कुकरमध्ये सगळ्यात जास्त वेळा झालेलं जेवण एकच: दाट रश्श्यातलं बीफ आणि रुंद एग नूडल्स. वहीत ३९ नोंदी आहेत. त्यांच्या जोरावर निकाल आधीच सांगून टाकते. मांस शिजवायला हे यंत्र फार चांगलं आहे, दहापैकी नऊ. नूडल्स शिजवायला वाईट आहे, दहापैकी तीन. आणि सोबत आलेल्या पुस्तिकेत "सगळे जिन्नस सकाळी एकत्र घाला" असं जे छापलंय, ते या पदार्थासाठी साफ चुकीचं आहे.

आधी मांसाचं बोलू, कारण खरी कमाई तिथे आहे.

याला खांद्याचा भाग लागतो, ज्याला चक म्हणतात. जनावर चालताना, मान खाली-वर करताना हे स्नायू सतत राबतात, म्हणून त्यांच्यात पांढरे चिवट पडदे आणि धागे भरपूर असतात. कच्चा तुकडा हातात घेतला की ते दिसतात, बोटाने ओढले तर तुटत नाहीत. हा चिवटपणा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा. याच कोलॅजेनचं हळूहळू जिलेटिन होतं आणि रश्श्याला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. एकदा मी चरबी आणि पडदे नसलेला, दिसायला एकदम स्वच्छ असा मागच्या पायाचा तुकडा आणला होता. आठ तासांनी तो रश्श्यात बुडालेला असूनही तोंडात कोरडा लागला. बाबांनी दोन घास खाल्ले आणि पाणी मागितलं. तेव्हापासून बिनचरबीचं मांस या भांड्यात घातलेलं नाही.

पहिल्याच वेळी चौथ्या तासाला मी काटा टोचून पाहिला आणि माझा धीर सुटला. काटा आत जाईना. तुकडा आकसून लहान झालेला, बाहेरून करडा, आणि दाबला तर रबरासारखा. मला वाटलं, वस्तू खराब आहे, परत करावी. नंतर एका रविवारी घरीच होते, तेव्हा मांसात थर्मामीटरची सुई खोचली, तिची तार झाकणाखालून बाहेर काढली आणि दिवसभर आकडे लिहीत गेले. सकाळी सव्वानऊला ७ अंश सेल्सिअस. सव्वाबाराला ६१. सव्वादोनला ८३. सव्वापाचला ९४. हे आकडे वाचले की चौथ्या तासाचं कोडं सुटतं. मांस ६० अंशांच्या आसपास पोचलं की त्याचे तंतू आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून ते मध्येच जास्त कडक लागतं. कोलॅजेन विरघळायला मात्र ७०च्या पुढे जावं लागतं, आणि तिथे पोचल्यावरही ते लगेच विरघळत नाही, तासन्‌तास घेतं. म्हणजे चौथ्या तासाला मांसाचं पाणी गेलेलं असतं आणि जिलेटिन अजून सुटलेलं नसतं. दोन्हीकडून तोटा. बरेच जण इथेच झाकण उघडतात, "शिजत नाही हे" म्हणतात आणि आच वाढवतात. थांबायचं. सातव्या तासाला तोच काटा लोण्यात जावा तसा जातो आणि अर्धा वळसा दिला की तुकडा आपोआप सुटतो.

याच्याही पुढे जाऊ नये. एकदा ड्यूटी लांबली, टायमर लावायचा राहून गेला होता आणि लोवर पूर्ण अकरा तास झाले. मांसाचे नुसते दोरे झाले होते, रस सगळा रश्श्यात उतरलेला, आणि दोरे पिठूळ. खाल्लं सगळ्यांनी, पण ते वहीत "पुन्हा नको" म्हणून नोंदलेलं आहे. माझ्या कुकरला १.३ किलोच्या तुकड्यासाठी लोवर आठ तास बरोबर बसतात. घाई असेल तर हायवर पाच. लो आणि हाय यांत शेवटचं तापमान फारसं वेगळं नसतं, दोन्ही उकळीच्या जवळपासच येऊन थांबतात. फरक तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा. मला स्वतःला लोवरचं मांस जास्त आवडतं. त्याचे तुकडे राहतात, चुरा होत नाही.

प्रेशर कुकरवाले विचारतील, एवढा खटाटोप कशाला? त्यांचा प्रश्न रास्त आहे. प्रेशर कुकरमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो, म्हणून हेच काम तासाभरात होतं. मी दोन्ही करून पाहिलंय, मऊपणात हार-जीत नाही. तुम्ही संध्याकाळी घरी असाल आणि तासभर हाताशी असेल तर नवीन यंत्र घेऊ नका, खरंच नको. माझ्याकडे सकाळचा अर्धा तास असतो आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं. त्या वेळापत्रकात स्लो कुकरच बसतो.

आता त्या सकाळच्या अर्ध्या तासाबद्दल, कारण चव तिथेच ठरते.

स्लो कुकर मांस खरपूस करू शकत नाही. आत सगळीकडे ओल असते, त्यामुळे तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही, आणि मांसाला तो तांबूस रंग, तो भाजका वास यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून आधी जाड बुडाच्या कढईत भाजायचं. तुकडा कागदाने टिपून अगदी कोरडा करते. ओला राहिला की भाजला जाण्याऐवजी वाफवला जातो. त्याला मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी चोळते, तेल तापून हलकं धुरायला लागलं की तुकडा ठेवते आणि मग चार ते पाच मिनिटं हात लावत नाही. हेच कठीण आहे. उलथायची वेळ झाली हे तुकडा स्वतः सांगतो: चिमट्याने धरून किंचित उचलला की तो बुडाला न चिकटता सुटतो. सुटला नाही तर अजून एक मिनिट. भाजल्याने "रस आत कोंडला जातो" असं अजूनही लोक सांगतात, ते खरं नाही. रस तर पुढे बाहेर येणारच आहे. भाजायचं ते चवीसाठी.

मांस काढल्यावर कढईच्या तळाला एक चॉकलेटी थर उरतो. तो टाकून देणं म्हणजे निम्मी चव टाकून देणं. त्याच कढईत दोन मोठ्या कांद्यांच्या जाड चकत्या, सहा लसूण पाकळ्या आणि दोन चमचे टोमॅटो पेस्ट परतते. पेस्टचा रंग विटकरी झाला की ७०० मिलिलिटर गरम बीफ स्टॉक, म्हणजे हाडं-मांस उकळून गाळलेलं पाणी, ओतते. ओतल्याबरोबर चर्रर आवाज येतो, वाफ उठते, आणि लाकडी उलथन्याने खरवडलं की तो थर काही सेकंदांत सुटून रश्श्यात मिसळतो. रश्श्याला पुढे जो गडद रंग येतो तो इथूनच. स्टॉक कमी मिठाचा घ्यावा. विकतच्या स्टॉकच्या वड्या पाण्यात विरघळवून केलेला स्टॉक खारट असतो, आणि या भांड्यात पाणी आटत नाही म्हणून "होईल नंतर बरोबर" असं काही होत नाही. पाणी आटत नाही हे नवीन माणसाला पटतच नाही. ओव्हनच्या सवयीने मी पहिल्यांदा सव्वा लिटर स्टॉक घातला होता. संध्याकाळी मांसातून सुटलेलं पाणी धरून भांडं काठोकाठ, आणि रस्सा पातळ पाणी.

भांड्यात तळाला तीन गाजरांचे मोठे तुकडे, त्यावर मांस, त्यावर कांद्यासकट स्टॉक, दोन तमालपत्रं, थाइम या सुवासिक पाल्याच्या दोन-तीन काड्या. गाजरं तळालाच का? कारण कंदमुळं मांसापेक्षा हट्टी असतात, ८५ अंशांच्या खाली ती मऊच पडत नाहीत, आणि तापणारी बाजू खाली आणि कडेला असते. वर ठेवलेली गाजरं आठ तासांनी कुरकुरीत निघाली होती. मुलीला ती आवडली, बाबांना चावेनात.

स्टॉक गरम घालण्याचं कारण चवीचं नाही, सुरक्षेचं आहे, आणि इथे माझ्यातली लॅबवाली बोलते. ५ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. त्यांना हवं ते सगळं मिळालं तर काही जिवाणूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. स्लो कुकर हळू तापतो, म्हणजे हा पट्टा ओलांडायला त्याला वेळ लागतो. आपण तो वेळ होईल तितका कमी करायचा. म्हणून गोठलेलं मांस थेट भांड्यात घालायचं नाही, आदल्या दिवशीच फ्रीजमध्ये सुटायला ठेवायचं. भाजलेलं मांसही रात्रभर तसंच ठेवून सकाळी घालायचं नाही. अर्धवट तापवून थांबणं सगळ्यात वाईट. आणि टायमरमध्ये जी "उशिरा सुरू करा" अशी सोय आहे ना, जिने सकाळी मांस भरून दुपारी यंत्र चालू करता येतं, ती मी आजवर वापरलेली नाही. कच्चं मांस चार तास खोलीच्या तापमानाला पडून राहणार, ते मला चालत नाही. मधेच वीज गेली आणि घरी कोणी नसेल, किती वेळ गेली ते कळायला मार्ग नसेल, तर ते जेवण टाकून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. माझ्यावर एकदा ती वेळ आली. १.३ किलो मांस होतं.

नवीन यंत्र आणलं की एक साधी चाचणी घ्यावी. भांडं अर्ध्यापेक्षा थोडं जास्त पाण्याने भरायचं, झाकण लावून लोवर आठ तास ठेवायचं आणि झाकण उघडल्याबरोबर पाण्याचं तापमान मोजायचं. ८५च्या खाली असेल तर यंत्र वापरू नये. माझं ९६ आलं. म्हणजे सुरक्षेची चिंता नाही, पण जरा तापट आहे, म्हणून पुस्तिकेतली "दहा तास" ही वेळ मी आठवर आणली. वॉर्मवर नंतर ७२ आलं, तेही ठीक. अन्न ६०च्या वर राहिलं की झालं. माझा टायमर सव्वापाचला लोवरून आपोआप वॉर्मवर येतो आणि मी सातला घरी पोचते. पावणेदोन तासांत मांसाला काही होत नाही.

आणि झाकण उघडायचं नाही. काचेवर आतून पाण्याचे थेंब जमतात, काठाशी वाफेची ओली कडा तयार होते, तीच उष्णता धरून ठेवते. एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला या २४० वॅटच्या जिवाला वीस-तीस मिनिटं लागतात. आमच्या घरी नवऱ्याला वास आला की झाकण उचलून बघायची सवय होती. आता नाही. त्याला फक्त त्या रविवारचे आकडे दाखवले. एकदा उचललं तेव्हा आकडा कसा खाली आला ते त्यात स्पष्ट होतं.

आता नूडल्स, आणि दहापैकी सात गुण का कापले ते.

एग नूडल्स म्हणजे मैदा आणि अंडं. मैद्यातला स्टार्च गरम पाणी शोषतो, फुगतो, आणि मऊ होतो. उकळत्या पाण्यात हे सात-आठ मिनिटांत होतं, आतला गाभा किंचित घट्ट असतानाच आपण चाळणीत ओततो आणि काम थांबतं. स्लो कुकरमध्ये ते थांबवायलाच येत नाही. रस्सा ९०च्या वर, पण खळखळ उकळी नाही, त्यामुळे नूडल्स एकमेकींपासून सुटत नाहीत. बाहेरचा थर विरघळून चिकट होतो, तोवर आतला भाग कच्चाच. आणि आतला शिजेपर्यंत बाहेरच्याची खळ झालेली असते. पुस्तिकेप्रमाणे सकाळी घातल्या तेव्हा संध्याकाळी नूडल्स अशी वस्तू भांड्यात उरलीच नव्हती. एक करडी लापशी होती, त्यात मांसाचे तुकडे. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिने चमचा उभा केला आणि तो उभाच राहिला.

मग मी शेवटच्या अर्ध्या तासात घालून पाहिल्या. हायवर, रश्श्यात पूर्ण बुडवून, दहा मिनिटांनी एकदा हलवून. हे पुष्कळ बरं. पण वेळ नेमका सांगता येत नाही. कधी वीस मिनिटं लागली, कधी पस्तीस, रस्सा किती आहे त्यावर अवलंबून. शिवाय ३५० ग्रॅम नूडल्स निम्मा रस्सा पिऊन टाकतात, म्हणून आधी दोन कप गरम स्टॉक आणखी घालावा लागतो. जाड, गोठवलेल्या एग नूडल्स मिळाल्या तर त्या इथे चांगल्या टिकतात. त्यांना पाऊण तास लागतो, पण त्या आकार सोडत नाहीत आणि अंगावरच्या पिठाने रस्सा छान दाटतो. अमेरिकेच्या मध्यपश्चिम राज्यांत हा पदार्थ घरोघरी होतो, तिथे अशाच जाड नूडल्स घालतात आणि कित्येक घरांत हे सगळं कुस्करलेल्या बटाट्यावर वाढतात. बटाट्यावर नूडल्स हे ऐकायला जड वाटतं. बाबांना मात्र ते सगळ्यात जास्त आवडलं, कारण ताटात कुठेच दाताला काम नाही.

पातळ, वाळवलेल्या नूडल्ससाठी माझं मत आता पक्कं झालंय: त्या गॅसवरच शिजवा. सात वाजता आल्या-आल्या मोठं पातेलं चढवते, पाणी चांगलं खारट करते. पाणी उकळेपर्यंत मांस बाहेर काढून दोन काट्यांनी मोठे तुकडे सोडवते आणि रश्श्यावरची चरबी डावाने काढते. तोपर्यंत कुकर हायवर, त्यात दोन चमचे कॉर्नफ्लोर थंड पाण्यात कालवून घातलेलं. कॉर्नफ्लोर गरम रश्श्यात थेट टाकलं तर गुठळ्या होतात, थंड पाण्यातच कालवायचं. नूडल्स पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढते, कारण उरलेलं मिनिट त्या रश्श्यात शिजणारच असतात. गाळायच्या आधी त्यांचं पाणी कपभर बाजूला ठेवते. मग नूडल्सना लोण्याचा एक तुकडा, वर मांस, वर रस्सा, आणि शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर. त्या व्हिनेगरशिवाय हे जेवण करू नका. आठ तास शिजलेल्या पदार्थाची चव गोल आणि जड होते, आंबटाचा एक थेंब तिला जागं करतो. सावर क्रीम, म्हणजे आंबवलेली साय, आवडत असेल तर तेही अगदी शेवटी, कुकर बंद करून. आधी घातलं तर फाटतं.

नूडल्स या यंत्रात का जमत नाहीत, याचं उत्तर मला त्याच्या जन्मात सापडलं. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं. त्याची आई त्याला लिथुआनियातल्या चोलंतच्या आठवणी सांगायची. चोलंत म्हणजे ज्यू घरांतला मांस आणि कडधान्यांचा पदार्थ. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायचं, भट्टी निवत जाईल तसं ते रात्रभर शिजायचं. नॅक्सनचं यंत्र पुढे 'नॅक्सन बीनरी' नावाने विकलं गेलं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आलं. म्हणजे ज्या भांड्याला कित्येक तास कोणी हात लावणार नाही, त्याच्यासाठीच हे घडवलेलं आहे. नूडल्सना नेमका हात लागतो, नजर लागते, मिनिटं मोजावी लागतात. कडधान्याचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर सूचना: राजमा कच्चा या भांड्यात घालू नका. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळीतच नष्ट होतं. लोवरचं तापमान त्याला पुरत नाही, आणि अर्धवट शिजलेला राजमा पोटाला फार त्रास देतो. भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी गॅसवर अर्धा तास नीट उकळायचा, मग घालायचा.

यंत्राबद्दलच्या तक्रारी दोन. टायमरचा आवाज इतका कर्कश आहे की वॉर्मवर आल्यावर होणारी पिपाणी दुपारी झोपलेल्या बाबांना जागं करते, आणि ती बंद करायची सोयच दिलेली नाही. दुसरी मोठी. पाचव्या महिन्यात भांड्याला तडा गेला. रात्री जेवण झाल्यावर गरम भांडं मी थेट गार पाण्याच्या नळाखाली धरलं. टक्‌ असा एकच आवाज झाला आणि काठापासून बुडापर्यंत केसाएवढी रेघ उमटली. चिनी माती अचानक थंड झाली की बाहेरचा थर आधी आकसतो आणि फुटतो. चूक माझी होती, ते मान्य. पण नुसतं आतलं भांडं मिळायला कंपनीने मला सात आठवडे थांबवलं, तीन वेळा मॉडेल नंबर विचारला आणि पहिल्यांदा पाठवलं ते भलत्याच आकाराचं. एवढ्या फुटक्या जातीची वस्तू विकता, तर तिचा सुटा भाग तरी हाताशी ठेवायला हवा. घ्यायच्या आधी दुकानात हा एक प्रश्न जरूर विचारा: आतलं भांडं वेगळं मिळतं का, आणि किती दिवसांत?

उरलेलं जेवण मी नूडल्स आणि रस्सा वेगळे ठेवून फ्रीजमध्ये टाकते, दोन तासांच्या आत, उथळ डब्यांत. चिनी मातीच्या भांड्यातच ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी रस्सा जेलीसारखा थरथरतो, तो जिलेटिनचाच पुरावा. गरम करायचं ते गॅसवर, वाफा येऊन उकळेपर्यंत. स्लो कुकरमध्ये पुन्हा गरम करायचं नाही, तो फारच सावकाश तापतो. बाबांच्या वाटणीचे दोन डबे फ्रीझरमध्ये कायम असतात. मांस आणि रस्सा फक्त. नूडल्स गोठवल्या की सुटताना फाटतात, त्या ताज्याच शिजवते.

ताई एकटी राहते. बाबा फोनवर जेवणाचं कौतुक करतात ते ऐकून तिने विचारलं, "मी पण घेऊ का गं असा?" मी तिला घे म्हटलं, पण माझ्याएवढा नको. हे भांडं निम्मं ते दोन-तृतीयांश भरलेलं असतानाच नीट चालतं. त्याहून कमी भरलं तर कडेचं करपतं, आणि काठोकाठ भरलं तर मधलं कच्चं राहतं. एकटीसाठी ६ लिटर भरायचे म्हणजे आठवडाभर तेच. तिने ३ लिटरचा घेतला, साधा, टायमर असलेला. माझं प्रमाण मी तिला निम्मं करून दिलं: ६५० ग्रॅम खांद्याचं मांस एकाच जाड तुकड्यात, एक कांदा, दोन लहान गाजरं, ३५० मिलिलिटर गरम स्टॉक. वेळ निम्मी केली, तर माझा तो चौथ्या तासाचा रबरासारखा तुकडा तिच्या ताटात आला असता. मांस कमी झालं तरी तुकड्याची जाडी जवळजवळ तेवढीच राहते, आणि कोलॅजेन विरघळायला लागणारे तास वजनावर ठरत नाहीत. म्हणून तिच्या चिठ्ठीवर लोवर सात तास लिहिलंय, साडेसहा तासांनी एकदाच काटा टोचून बघ असं लिहिलंय, आणि खाली दोनदा रेघ ओढून: नूडल्स गॅसवर.